सुभेदारांच्या वजनाचा सार्वजनिक उपक्रम

मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सुभेदार हंबीरराव फडतरे यांचे दोन्ही गुडघे झिजलेत असं सांगितलं. यात नवीन काही नव्हतं. हीच गोष्ट ते गुडघे गेली काही वर्षं जिना चढताना कुरकुरत सांगत होते. नवीन होतं ते पुढचं. उजवा गुडघा बदलता येईल, पण आत्ता नाही. आधी वजन उतरवा. घाई करू नका, उपाशी राहू नका. भात, साखर, तळण कमी; डाळी, कडधान्यं, पालेभाज्या जास्त. झेपेल तेवढं चाला. आणि जन्मभर निभेल तेवढंच करा, चार महिन्यांचा उत्साह कामाचा नाही. जाता जाता डॉक्टर असंही म्हणाले, की काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. हे शेवटचं वाक्य हंबीररावांच्या मुलाने, जयराजने, ऐकलं नाही. तो मोबाईलवर योजना टाइप करत होता.

जयराज सांगलीत पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होता. दुसऱ्यांच्या योजनांवर ‘अभिप्रायार्थ सादर’ असं लिहिण्यात त्याची अर्धी हयात गेली होती. अशा माणसाच्या हाती एकदम स्वतःची योजना आली, आणि तीही हाडामांसाची, की त्याचं काय होतं हे ज्याने त्याने आपापल्या कचेरीत पाहिलं असेलच. घरी पोचेपर्यंत त्याने उद्दिष्टं ठरवली होती, टप्पे पाडले होते. त्याची बायको दीपमाला हिने फक्त एवढंच विचारलं, की आबांना काय वाटतंय? जयराज म्हणाला, त्यांच्या भल्याचंच आहे, त्यात वाटायचं काय. दीपमाला कुकर लावायला आत गेली.

हंबीररावांचं स्वतःचं म्हणणं थोडक्यात होतं. “गुडघं दुखत्यात हे खरं. वजन वाढलंय हे बी खरं. करू की कमी.” सैन्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस, त्याला हुकूम पाळायचं वावडं नव्हतं. पत्नी गेल्यावर वडूजचं घर बंद करून ते मुलाकडे आले, आणि करण्यासारखं काही न उरल्यामुळे जाडे झाले, एवढाच त्या वजनाचा इतिहास.

पहिला आठवडा साखरेच्या डब्याची जागा बदलण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांना कळलं. आपल्याकडे एखाद्याला नोकरी लावायला माणसं पुढे येत नाहीत, पण वजन उतरवायचं म्हटलं की प्रत्येकाकडे ठेवणीतला एक उपाय निघतो. कुणी दुधीचा रस सांगितला, कुणी जिऱ्याचं पाणी, कुणी कोमट पाण्यात मध. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. त्यांचं स्वतःचं पोट पाहता ते बहुधा उजव्या कुशीवर झोपत असावेत. जयराजने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं एकच स्वीकारलं. ते होतं शेजारच्या प्रभावतीकाकू उपाध्ये यांचं.

प्रभावतीकाकूंचं घर जैन. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. “आमच्यात बघा की, कोण जाडं हाय? अंधारात खाल्लेलं अंगाला लागतंय,” असं त्यांनी सांगितलं, आणि आबांना उद्यापासून आमच्यासंगंच बसवते म्हणाल्या. हंबीरराव रोज सांजेला त्यांच्याकडे जेवू लागले. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, एखादी फळभाजी, सगळं पथ्याचंच. जयराज खूष झाला. अडचण अशी झाली की नऊ वाजता घरी पानं मांडली की दीपमालाने केलेल्या अन्नाला नको म्हणणं हंबीररावांना प्रशस्त वाटेना. सून मायेनं वाढते, आणि अन्नाला पाठ दाखवणं ही काही शिपायाची रीत नाही. तेव्हा ते दोन्हीकडे जेवले. महिनाअखेर वजन वाढलेलं पाहून जयराजने आधी काट्याचे सेल बदलले, मग काटा बदलला, आणि मग एकदा प्रभावतीकाकूंशी बोलताना खरा प्रकार समजला. काकूंना वाईट वाटलं. आपण पुण्य करायला गेलो आणि माणूस फुगला, असं म्हणून त्यांनी ते जेवण बंद केलं. वास्तविक बंद करायला हवं होतं ते नऊचं. पण ते जयराजच्या घरचं होतं.

मग पोहण्याचा विचार निघाला. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही, हे जयराजने वाचलं होतं, आणि ते बरोबरही होतं. गावातल्या एका मंडळाच्या तलावावर तो आबांना घेऊन गेला. तिथल्या कारकुनाने अर्ज पुढे केला आणि सोबत डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र मागितलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हंबीररावांना तपासलं, पोटाकडे पाहिलं, आणि या वजनाला तंदुरुस्त असं लिहून देता येणार नाही म्हणाले. वजन उतरलं की या. जयराज परत कारकुनाकडे गेला आणि वजन उतरवण्यासाठीच पोहायचंय असं त्याने तीन तऱ्हांनी समजावून सांगितलं. कारकून प्रत्येक वेळी तेवढ्याच शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमचं बरोबर आहे, पण नियम आहे.” हे वाक्य, हाच सूर, हीच मान किंचित तिरकी करणं, जयराज स्वतः शेकडो शेतकऱ्यांपुढे करत आला होता. आपलंच हत्यार आपल्या बरगडीत शिरलं की कसं वाटतं ते त्याला त्या दिवशी कळलं. त्यातून तो काही शिकला असं मात्र नाही. हंबीरराव बाकावर बसून हसत होते. ब्रह्मपुत्रेला पूर आला असताना आपण बंदूक डोक्यावर धरून पवलोय, आणि आता ह्या हौदात उतरायला कागुद लागतोय, असं ते बाहेर पडताना म्हणाले. त्या सबंध उपक्रमात त्यांच्या मोकळेपणानं हसण्याची ती शेवटची वेळ.

कारण त्यानंतर जयराजने कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला हात घातला.

झालं होतं असं, की कॉलनीच्या कोपऱ्यावर मदन मगदूम यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानापुढे एक लाकडी बाकडं. सकाळी फिरून आले की हंबीरराव त्यावर बसत. शेजारी ज्योतिबा बसे. हा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, किडकिडीत आणि बोलका. एक चहा दोघांत, आणि मदनरावांनी कागदावर ओतलेलं मूठभर भडंग. ज्योतिबा घाटातली वळणं सांगे, हंबीरराव बर्फातल्या चौक्या सांगत, आणि मदनराव दोघांचं ऐकत बेदाण्याच्या पुड्या बांधत. तासभर जाई. हंबीररावांच्या दिवसात तेवढाच एक तास माणसांचा होता. जयराजला त्यात दिसले ते भडंगातले शेंगदाणे आणि तेल.

त्याने ग्रुपवर लिहिलं: ‘सर्व रहिवाशांस सविनय कळविण्यात येते की, आमचे तीर्थरूप आबा यांच्या शस्त्रक्रियेकरिता वजन घटविणे आवश्यक आहे. तरी त्यांस चहा, साखर, भडंग, वडा, फरसाण व तत्सम पदार्थ कोणीही देऊ नयेत. असे आढळल्यास त्वरित कळवावे.’

कॉलनीत पाण्याच्या टाकीबद्दल ग्रुपवर चार वेळा लिहूनही कुणी उत्तर दिलं नव्हतं. इथे मात्र अर्ध्या तासात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. पितृभक्तीचं कौतुक झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खी कॉलनी पहाऱ्यावर आली. जयराज कचेरीत असताना त्याला फोटो येऊ लागले. ‘आबा कोपऱ्यावर. हातात पुडी. तपास व्हावा.’ त्याने घरी फोन करून तपास केला. पुडीत डासांची अगरबत्ती होती. ‘आबा मंदिराबाहेर. प्रसाद घेतला. शिरा असावा.’ तोही तपास झाला. मदनरावांनी भडंग द्यायचं बंद केलं. मागू नका आबा, मला ग्रुपवर उत्तर द्यावं लागतं, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. कॉलनीतल्या एका बाईंनी ज्योतिबाला गाठून, तुम्ही त्यांना बिघडवता, असं चारचौघांत सुनावलं. ज्योतिबाने आयुष्यात एसटी बिघडू दिली नव्हती. तो दुसऱ्या दिवसापासून बाकड्यावर यायचा बंद झाला, आणि तो येईना म्हटल्यावर हंबीररावही जाईनासे झाले.

ते गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. समोर येतील त्या वाटीतलं खात, पुरे म्हणत, उठत. आणि वजन उतरू लागलं.

जयराजला धन्य धन्य वाटलं. दीपमाला एकदा त्याला म्हणाली, “अहो, हे पथ्य नाही. त्यांचं जेवणावरनं मनच उडालंय.” जयराजने तिला काटा दाखवला. काट्यावरचा आकडा काही खोटा नव्हता. वीस वर्षांच्या संसारात तिला एक कळलं होतं, की या माणसाला आकडा दिसला की माणूस दिसत नाही.

वजन रविवारी सकाळी घेत. कपड्यांचा भार नको म्हणून हंबीरराव बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीवर काट्यावर चढत. अशाच एका रविवारी जयराजने मोबाईल काढला. हे कशाला, असं हंबीररावांनी विचारलं. रेकॉर्डला, जयराज म्हणाला. रेकॉर्ड हा शब्द हंबीररावांना पलटणीतून ओळखीचा होता. त्यांनी टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं, मुठी मांड्यांना लावल्या आणि नजर समोरच्या कॅलेंडरवर ठेवली. फोटो उत्तम आला. जयराजने खाली ‘इच्छा तेथे मार्ग’ असं लिहून तो ग्रुपवर टाकला, आणि दिवसभर कोण कोण काय म्हणालं ते वाचत बसला. कचेरीतल्या मंडळींनाही त्याने तो पाठवला. फोटोला पाय नसतात हे खरं, पण त्याला जिथं पोचायचं तिथं तो माणसाच्या आधी पोचतो.

माघात साताऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा होता. हंबीररावांचा बंद गळ्याचा कोट कित्येक वर्षांनी अंगात बसला. बटणं लागली तेव्हा त्यांनी आरशात दोन वेळा पाहिलं, आणि पदकं स्वतः ब्रासो लावून चकचकीत केली. जयराज गाडी घेऊन बरोबर गेला. आपल्या कामाची पावती मिळायची तर ती अशाच ठिकाणी मिळणार.

पावती मिळाली. मांडवात शिरताच एक जाडजूड मिशीवाला पुढे आला, कडक सलाम ठोकला आणि हसत म्हणाला, “साहेब, चड्डीतला फोटू लय भारी आलाय.” त्याच्या मागे चौघेजण हसले. ती वाईट माणसं नव्हती. एकेकाळी हंबीररावांनीच त्यांना कवायत शिकवली होती, आणि त्या प्रेमातच ती चेष्टा करत होती. एकाने मोबाईलवर तो फोटो उघडून दाखवला. दुसऱ्याने कुठली पावडर घेता असं विचारलं. जयराजला आधी बरंच वाटलं. पावडर वगैरे काही नाही, सगळं शास्त्रीय पद्धतीनं, असं म्हणून तो डाळी आणि कडधान्यांविषयी सांगू लागला. हंबीरराव गर्दीतून हळूहळू मागे सरकले आणि शेवटच्या ओळीतल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते व्यासपीठावर गेले नाहीत. गुडघ्यामुळे, असं सगळे समजले.

परतताना कऱ्हाड मागे पडलं. मग हंबीरराव म्हणाले, “जयराज, फोटू काडलास तवा मला वाटलं, डाक्टरला दावायचाय.”

जयराज म्हणाला, त्यात काय आबा, लोकांना प्रेरणा मिळते, हेतू चांगलाच होता.

“आसंल की. तुजा हेतू कवा वाईट नसतोय.” ते खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत होते. “पण ज्यांना म्या सावधान हुबं ऱ्हायला शिकवलं, ती आज माझी चड्डी बघून हासली रं. माझं पोट किती इंच उतारलं हे आता केबलवाल्याला बी ठावं हाय. मला तेवढं कुणी इचारलं न्हाई.”

जयराजला हे लागलं. पण लागलं ते भलत्याच जागी. एवढं करून शेवटी आपल्याच माथी दोष, असा विचार करत त्याने गाडी सांगलीपर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीररावांनी पिशवी भरली, दीपमालाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वडूजच्या गाडीत बसले. तिथे त्यांची धाकटी बहीण हरणाबाई राहत होती. जोंधळा काढायला आलाय, तिला मदत होईल, असं त्यांनी सांगितलं. ज्याला स्वतःचा बूट वाकून घालता येत नाही तो जोंधळा काय काढणार, हे जयराजने विचारलं नाही. तो रुसला होता. ग्रुपवर मात्र त्याने लिहिलं, ‘आबा हवापालटासाठी गावी.’

त्यानंतर तो फोन करी. पलीकडून ‘बरा हाय’ आणि ‘ठिवतो’ एवढं येई. वजन विचारलं की फोन कटत असे. वडूजला रेंजच नसते, असं तो दीपमालाला सांगे. दीपमालाचे फोन त्याच वडूजला व्यवस्थित लागत, आणि बराच वेळ चालत.

महाराष्ट्र दिनाला कॉलनीचा वार्षिक कार्यक्रम झाला. ‘आदर्श पुत्र’ म्हणून जयराजचा सत्कार ठरला होता. तीर्थरूप स्वतः हजर असते तर शोभा वाढली असती, पण त्यावाचून अडायचं कारण नव्हतं. आपल्याकडे सत्काराला सत्काराचं कारण लागतंच असं नाही. अध्यक्षांनी भाषणात त्याला आजचा श्रावणबाळ म्हटलं. त्या श्रावणबाळाने आईबापांना होतं त्या वजनासकट खांद्यावर घेतलं, आमच्या जयराजरावांनी आधी वजन कमी केलं, असंही ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला.

तेवढ्यात हार द्यायला वर आलेले मदनराव त्याच्या कानाशी म्हणाले, “चांगलं झालं बघा, गुडघ्याचं ऑपरेशन बी नीट पार पडलं. ज्योतिबा परवा वडूजला जाऊन बघून आला. वॉकर धरून चार पावलं टाकल्यात म्हणं.”

जयराज हसत राहिला. समोर फोटो काढत होते म्हणून त्याला हसत राहावंच लागलं. पुढच्या रांगेतल्या प्रभावतीकाकूंनी मान डोलावली. त्यांना ठाऊक होतं. निवृत्त मुख्याध्यापकांना ठाऊक होतं. त्याने दीपमालाकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पदराचं टोक नीट करत होती. वर तिने पाहिलंच नाही, आणि त्याला समजलं.

दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. तो डाळींवर बोलला, कडधान्यांवर बोलला, सातत्यावर बोलला. शेवटी कुणीतरी खालून विचारलं, आबांचा नवा गुडघा कसा आहे?

“छान आहे,” जयराज म्हणाला.

घरी आल्यावर दीपमालाने शाल घडी करून कपाटात ठेवली. ती म्हणाली, “साताऱ्याला केलं. आत्या होत्या बरोबर. मला आबा म्हणाले, त्याला सांगू नगंस.” त्याने ‘का’ असं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, याचीच त्याला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तो विट्यावरून वडूजला गेला. हरणाबाईच्या अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती. बाजेवर हंबीरराव बसले होते. उतरलेले, रापलेले, दाढी गुळगुळीत केलेले. भोवती गावातले चारपाचजण होते, कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि सगळे हसत होते. फाटकात जयराज दिसला तसं हसणं थांबलं. एका म्हाताऱ्याने पुढ्यातली भज्यांची ताटली हळूच टोपीखाली झाकली.

“ऱ्हाऊ दे रं, मी न्हाई खात ती,” हंबीरराव त्याला म्हणाले. मग मुलाकडे वळून, “ये. बस.”

जयराज बसला. गुडघ्यावरची पट्टी बघितली. बोलायला जुळवून आणलेलं सगळं फाटकातच राहिलं होतं. तो एवढंच म्हणाला, “कळवायचं तरी होतं, आबा.”

हंबीररावांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, आणि जयराजला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

“तुला कळवलं आसतं,” ते म्हणाले, “तर मग आनि कुणाला कळवायचं ऱ्हायलंच नसतं.”

भाकरी, मटकीची उसळ, ताक आणि रोज सकाळी रानाच्या कडेपर्यंत एक फेरी, असं कुणीतरी मध्येच सांगितलं. साखर तर सुभेदारांनी आपणहून सोडली. जयराजने न राहवून विचारलं, कसं उतरवलंत एवढं?

“हितं कुणी इचारत नव्हतं. उतारलं.”

जयराजचा घाम पुसायचा रुमाल खिशात होता. त्याने तो काढायला हात खिशात घातला, तसे सगळेजण, आता मोबाईल निघतोय की काय म्हणून, त्याच्या खिशाकडे बघू लागले. त्याने हात रिकामाच बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला.

हंबीरराव वॉकर धरून सावकाश उठले, ताठ उभे राहिले, आणि घराच्या दिशेने हाक मारून बहिणीला म्हणाले,

“हरणा, पाव्हण्याला च्या टाक.”